रोजचा फवारा

१९ फेब्रुवारी
प्रयोगशाळा, दुपारचे सव्वातीन

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी ठणठणीत आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर तू "बरं, ठेवतो" म्हणायच्या आत माझं काही सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझं गळती थांबवायचं काम जोरात चाललंय म्हणे. ज्याने शेवाळावर संशोधन करायचं, त्याने लोकांच्या गच्च्यांवरचं शेवाळ खरवडत फिरावं! आईने सांगितलं तेव्हा मी खो खो हसले. मग रात्रभर वाईट वाटत राहिलं.

गेल्या महिन्यात विभागातलं जुनं कपाट आवरताना तुझ्या कोंबडीच्या पायाच्या अक्षरातलं एक कागदी पाकीट सापडलं, अकरा वर्षांपूर्वीचं. आत सुकलेल्या शेवाळाचा नुसता तपकिरी चुरा. आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "टाकून दे." म्हटलं, "थांबा हो जरा." बशीत घेऊन भरपूर पाणी घातलं. दोन मिनिटांत पानं उलगडली. पण मेलेलं शेवाळसुद्धा पाणी पिऊन उलगडतं, नवा कोंब दिसेपर्यंत नाचायचं नाही, हे तुझंच शिकवणं.

बावीस दिवस कळ काढली. काल कोंब दिसला. टाचणीच्या टोकाएवढा, हिरवागार! बाईंच्या हातात भिंग दिलं आणि विचारलं, "टाकू का आता?" त्यांनी मला चहा पाजला.

आता खरं काय ते लिहिते. तेव्हा तू सहा आठवड्यांसाठी डोंगरात गेला होतास आणि याच शेवाळाचे तुझे बारा ट्रे घरी तुझ्या खोलीत होते. "कोरडेच राहू देत, भुंगी. हात लावू नकोस," असं तू मला दोनदा बजावलं होतंस. मी एकोणीस वर्षांची होते. ते सुकलेले जीव बघवेनात. रोज सकाळी प्रत्येकावर एकेक फवारा मारायचे. दुपारपर्यंत ते पुन्हा खडखडीत. मला वाटायचं, तेवढाच घोटभर आधार.

तू आलास, ट्रे भिजवलेस, महिनाभर वाट पाहिलीस. एकही कोंब आला नाही. "गोळा करतानाच माझं काहीतरी चुकलं," म्हणालास. तुझे सर म्हणाले, तुझा हा पिंडच नव्हे. तीन वर्षांचं काम सोडून तू निघून गेलास. मी दारात उभी होते. फवारणीची बाटली माळ्यावर लपवून आले होते.

पाण्याने का कुणी मरतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. चार वर्षांपूर्वी इथेच एका शोधनिबंधात वाचलं. शेवाळ सुकताना आतलं सामान नीट बांधून काम थांबवतं आणि वर्षानुवर्षं तसं पडून राहू शकतं. पण भिजलं की आधी मोडतोड दुरुस्त करावी लागते आणि त्यात त्याची साठवण खर्च होते. ती भरून यायला बराच वेळ ओलावा लागतो. जरासं भिजवून लगेच सुकू दिलं, तेही रोज, तर ते खंगत जातं. तुझं काही चुकलं नव्हतं, दादा. तुझे बाराही ट्रे मी मारले. आणि कळल्यावरही चार वर्षं तोंड शिवून बसले, कारण तू जेवढा जोडलेला आहेस तेवढाही तुटशील याची भीती वाटत होती.

भीती आता संपली. काल तो कोंब बघितला आणि संपली. तुझं शेवाळ पक्कं आहे, तुझं गोळा करणं अचूक होतं आणि बाईंना ते ज्याने गोळा केलं तो माणूस हवा आहे. मी तुझा पत्ता दिलेला नाही. तूच येऊन भेट.

रागव, खुशाल रागव. पण समोर येऊन. वर्षातून दोनदा दीड मिनिटाचा फोन, "बरी आहेस ना, आई बरी ना," आणि मग सहा महिने काही नाही, हे आता मला नको. प्रत्येक फोननंतर आई दोन दिवस दाराकडे बघत बसते, मीही. यायचं तर चांगला महिनाभर ये. जमणार नसेल तर तसं स्पष्ट कळव, मी कोरडी राहीन. मला ते येतं.

बशी खिडकीत झाकून ठेवली आहे. बाटली काल फोडून टाकली.

तुझ्या बारा ट्रेंची गुन्हेगार आणि तेराव्याची राखणदार,
भुंगी