कुलपापुढचा दिवा

सातारा, ता. ४ फेब्रुवारी १९७४

चि. मधुकर यास चिंतामणकाकाचे अ. उ. आ. आम्ही बरे आहोत, म्हणजे तसे लिहायचे.

तू गाठून दिलेले भडकमकर वकील मला सरळ वाटत नाहीत. भाडेकरू नाथाजी आठ महिन्यांपूर्वी खोल्यांना कुलूप घालून बिऱ्हाडासकट कुपवाडला कारखान्यात गेला. सहा महिने वापर नसला तर जागा परत मागता येते, असे वकीलच म्हणाले, म्हणून दावा लावला. क्षमा विधवा होऊन माहेरी आली, दोन मुलींना घेऊन स्वयंपाकघरात निजते. आणि आता नाथाजीची कैफियत आली की, मी तिथेच राहतो, दारात रोज दिवा असतो. समोरची रंगूबाई साक्षीला तयार. म्हणते, व्हय, रोज असतोय की दिवा.

वकील उलट मलाच विचारतात, दिवा कोण लावतं? मी संध्याकाळी मारुतीला जातो, मला काय ठाऊक? त्यांना नाथाजीच्या वकिलाबरोबर चहा पिताना मी स्वतः पाहिले. कागद परत मागावेत का, लगेच कळव.

सांगली, ता. ११ फेब्रुवारी

ती. काकांस मधुकरचा शि. सा. न.

कागद मागू नका. चहा सगळेच वकील एकत्र पितात. रविवारी सायकलने कुपवाडला गेलो. नाथाजीची बायको दारात पापड वाळत घालत होती, मुलं तिथल्याच शाळेत आहेत. मग साताऱ्यात दिवा भुताने लावला का? तुम्ही गावभर संशय घेतलात, घरात विचारलंत? तुम्ही मारुतीला गेल्यावर अनसूयाकाकू काय करतात? रागावलात तरी पुतण्या तुमचाच.

सातारा, ता. १९ फेब्रुवारी

चि. मधुकर, आशीर्वाद.

विचारले. अनसूयाच लावते, पहिल्या दिवसापासून. म्हणाली, "भाडेकरू गेला म्हणून आपल्याच घराचं एक दार अंधारात ठेवू?" मी कपाळाला हात लावला.

वकील झापतील असे वाटले होते. ते हसले. म्हणाले, हेच वाक्य बाईंनी कोर्टात सांगायचं, आणि तारखेपर्यंत दिवा चुकवायचा नाही, लपवायचाही नाही. माणूस फार हुशार दिसतो, आता त्याचीच धास्ती.

काल अनसूयेला ताप होता. दिवेलागण टळू लागली, तशी मीच काडेपेटी घेऊन गेलो. दोन काड्या वाऱ्याने विझल्या, तिसरीला वात पेटली. वळलो तर रंगूबाई तिच्या उंबऱ्यात उभी. आड व्हावेसे वाटले. पण म्हटले, बघू दे नीट, आणि तिथेच उभा राहिलो.

तारखेला तू ये. तोवर माया असू दे.