साडेतीनाची पेटी

दि. ४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या दाजींचं डोकं तेवढं सोडून.

फोन केला असता, पण फोन गिरणीत आणि फोनच्या उशाला हे. म्हणून लिहायला बसले, नाहीतर मला पत्राचा किती कंटाळा ते तुला माहीत आहे. गोदामात पोत्यांच्या जागी ह्यांनी ते जायरोप्लेन उभं केलंय. विमान म्हणायला जीभ रेटत नाही. एक खुर्ची, तीन चाकं, डोक्यावर मोठा पंखा. तो पंखा इंजिनाने फिरतच नाही म्हणे, वाऱ्याने फिरतो. इंजिन नुसतं पाठीमागचा छोटा पंखा फिरवून खुर्चीला पुढे ढकलतं. एवढ्यासाठी दोन वर्षं माझं गोदाम गेलं.

आता अडलंय ते इंजिन आणि मागच्या पंख्यामधल्या पेटीपाशी. गिअरबॉक्स तुझ्याकडूनच घ्यायची, घरचा माणूस आहे, असं ठरलंय. हे तुझ्याकडे अडीच-एकची मागणार आहेत. इंजिनाचे अडीच फेरे, पंख्याचा एक. साडेतीन-एकची नको, कारण तिने पंखा सावकाश फिरतो, आणि सावकाश का चालत नाही, तर विमानवाल्यांच्या क्लबातला तो दातांचा डॉक्टर. त्याचं यंत्र फार पळतं. दिवसभर लोकांच्या तोंडात बघणारा माणूस, त्याच्याशी ह्यांची शर्यत! मी म्हटलं, दगड जास्त पळवला की पीठ जळतं, लवकर होत नाही. तर म्हणाले, गिरणीची अक्कल गिरणीत ठेव.

मैदानाच्या टोकाला झाडांची रांग आहे. पुढच्या महिन्यात क्लबाचा परीक्षक बघणार आहे, ती ओलांडता येते का. मला शर्यतीशी देणंघेणं नाही. मला माणूस झाडात अडकलेला नकोय. कुठली पेटी बरी ते मला कळव. साडेतीनाची असेल तर तीच पाठव आणि ह्यांना अडीचाची म्हणून सांग. माझं ऐकत नाहीत, तुझा शब्द मात्र प्रमाण.

लोभ ठेव, आणि तोंड बंद ठेव.
तुझी ताई


दि. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. पत्र मिळालं. तुझा हुकूम वाचून हसू आलं आणि रागही. मी दातेरी चाकं कापणारा माणूस, मला तू फसवाफसवीला लावतेस.

पण मुद्द्यात तू बरोबर आहेस, नशिबाने. दाजींनी पाती लांब घेतली आहेत. लांब पातं जोरात फिरवलं की त्याची टोकं नुसती किंचाळतात, ताकद आवाजात जाते. त्यांचं यंत्र मुळात हळू उडणारं. त्याला हवा लांब पंखा, सावकाश फिरणारा, भरपूर हवा कवेत घेऊन ढकलणारा. म्हणजे साडेतीन-एक. दाजींना हे मी गेल्या वर्षी सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली आणि डॉक्टरांच्या यंत्राचा फोटो दाखवला. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला टेकून भिंतीलाच ढकलणं.

तर साडेतीनाचीच पाठवतो. पेटीवरची आकड्याची पाटी काढून घेईन. खोटी ठोकणार नाही, तेवढं माझ्याने होत नाही. खोटं काय ते त्यांना लिहिलेल्या पत्रात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. उडून आले की त्यांना वाटेल, आपलंच खरं. वाटू दे.

दाजींना नमस्कार. आहे ती माया आटू देऊ नये.
तुझा बारक्या


दि. २२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. पेटी पोचली, बसली. तुझं पत्र ह्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, अडीच या शब्दावर थांबून, चष्म्यावरून माझ्याकडे बघत. मी भांडी घासत राहिले.

काल चाचणी झाली. यंत्र दोरीने गोदामाच्या खांबाला बांधलं, मध्ये माझा पोती तोलायचा स्प्रिंगचा काटा. इंजिन पूर्ण सोडलं की पंखा किती ओढतो ते काट्यावर दिसतं. त्याआधी ह्यांनी पात्यांचा कोन लावला. पंख्याची पाती मुळाशी थोडी वळवता येतात, जास्त वळवली की हवेचा मोठा घास घेतात, कमी वळवली की छोटा. तो कोन लावताना इतकी ऐट, की ऑपरेशन चाललंय वाटावं.

मग इंजिन सुरू. आवाज असा चढला की समोरच्या शिंप्याने दुकानाचं दार लावलं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल रेघेच्या पुढे पळाला, ह्यांनी घाईने आवरतं घेतलं. आणि उतरले ते नाचतच. इंजिनात ताकद उतू चाललीय, म्हणे. माझा वजनकाटा मात्र जेमतेम दोन पोत्यांवर. मी दाखवलं, तर काटा गंजलाय म्हणाले. माझा काटा! त्याच काट्यावर सगळी पेठ दळण देते, एक गिऱ्हाईक कधी कुरकुरलं नाही. गंज कुठे चढलाय ते मी बोलले नाही.

पण मला एक कळव. इंजिन एवढं बोंबलतं आणि ओढत नाही, हे कसं? रविवारी तीन तारखेला परीक्षक येणार. लगेच लिही.

लोभ असेल तर उत्तरात दिसू दे.
ताई


दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार. लांबण लावत नाही. चूक आपली आहे, तुझी आणि माझी.

पेटी आणि पात्यांचा कोन ही जोडी आहे. एक बदललं की दुसरं बदलायचं. पंखा जोरात फिरणार असेल तर पाती कमी वळवायची, सावकाश फिरणार असेल तर जास्त. दाजींना वाटतंय पेटी अडीचाची, म्हणून त्यांनी कोन कमी लावला. त्यांच्या माहितीप्रमाणे अगदी योग्य लावला. पण पेटी साडेतीनाची. पंखा सावकाश, वर घासही छोटा. इंजिनाला ओझंच नाही, म्हणून ते उधळतं, आणि पंखा काही ढकलत नाही. आपण त्यांना मूर्ख समजलो, आणि खोटा आकडा देऊन आपणच गोंधळ केला. तुझा काटा ठणठणीत आहे.

असं यंत्र जमिनीपासून हातभर उठेलही. पण पुढे चढणार नाही, आणि पुढे झाडं. इंजिन लाल रेघेपलीकडे रेटलं तर तेही हवेत दगा देईल. त्यांना सांग. माझं नाव घे, शिव्या माझ्या वाट्याला टाक, पण रविवारच्या आधी सांग.

तुझाच,
बारक्या


दि. ४ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद. जिवंत आहेत. आधी ते लिहिते.

तुझं पत्र शनिवारी आलं. मी सांगायला दोनदा गेले. एकदा ते शीळ घालत पाती पुसत होते, दुसऱ्यांदा त्यांनी मलाच ऐकवलं की उद्या तुझा काटा मोडीत काढतो. मला आला राग, परत फिरले. ही माझी अक्कल. रविवारी मैदानावर जाईपर्यंत तोंड उघडलं नाही.

तिथे परीक्षक, क्लबाची दहाबारा टाळकी आणि तो दातवाला, पांढरे बूट घालून. हे खुर्चीत बसून पट्टे आवळत होते. झाडं लांबून बुटकी वाटतात. त्या खुर्चीपाशी उभी राहिले तेव्हा बुटकी वाटेनात. मग मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, पेटी साडेतीनाची आहे, मी बारक्याला सांगून खोटं लिहायला लावलं, उतरा.

मग दातवाला हसला. म्हणाला, बायकोने पेटी बदलली आणि ह्यांना पत्ता नाही. मी त्याला म्हटलं, हसताना तोंड एवढं उघडू नका, दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ झालेली दिसतेय. त्याने तोंड मिटलं, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. हे माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

उतरले. पाना घेतला, तिन्ही पात्यांचा कोन वाढवला, एकेक पातं फिरवून एकाच जागी आणून त्याचा कोन मोजला. यंत्र क्लबाच्या खांबाला बांधून इंजिन पूर्ण सोडलं. ह्या वेळी किंकाळी नाही, जाडा घुमणारा आवाज, दोरी तारेसारखी ताणलेली. परीक्षकाने मान डोलावली. मग हे गेले. जेमतेम अर्ध्या मैदानातच वर उठले आणि झाडांवरून असे गेले, जशी काही झाडं नव्हतीच. मी तोवर ओंजळीने तोंड झाकलं होतं, तरी सगळं बघितलं.

खाली आले, उडायची परवानगी मिळाली. घरी आल्यापासून माझ्याशी एक शब्द नाही. जेवण गोदामात. जीव वाचवला त्याचे हे आभार! एवढं फुगायला झालं काय ह्यांना? दोन शब्द लिही त्यांना, तुझं ऐकतात.

माया असू दे, मला सध्या तुटवडा आहे.
ताई


दि. ९ मार्च

रा. मेहुणे यांस,
स. न. वि. वि. तुमचं माफीचं पत्र मिळालं. मजकूर नीटनेटका आहे, अक्षर नेहमीसारखं सुरेख. तेच अक्षर बघून मी मागचंही पत्र खरं मानलं होतं.

पंखा हाताने फिरवून इंजिनाचे फेरे मोजले असते तर पेटी कुठली ते मला तेव्हाच कळलं असतं. पोरसुद्धा मोजेल. मी मोजले नाहीत. तुम्ही लिहिलं होतं ना! घरच्या माणसाचा शब्द पडताळून बघायचा असतो, हे तुम्ही दोघा भावंडांनी मला ह्या वयात शिकवलंत.

साडेतीनाची पेटी उत्तम आहे. झाडांवरून जाताना ते माझ्या पाठीला कळलं. अडीचाचा हट्ट चुकीचा होता. पण तो माझा होता. मी अडीच बसवून खांबाला बांधलं असतं, काटा पाहिला असता, चार दिवस तोंड पाडून हिंडलो असतो आणि मग तुमच्याकडे येऊन साडेतीन मागितली असती. हा वाद मला स्वतः हरायचा होता. तुम्ही मला तेवढंही दिलं नाहीत. तुमच्या ताईने मला लहान मुलासारखं गोडात कडू औषध मिसळून पाजलं, आणि मग चारचौघांत सांगितलं की पाजलं.

डॉक्टर हसले त्याचं मला काही नाही. त्यांच्या हसण्याला कोण विचारतं?

आपला स्नेह पूर्वी होता तसा व्हायला वेळ द्यावा.
आपला,
दाजी


दि. २० मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. त्यांनी तुला लिहिलेलं तू मला कळवलंस ते वाचलं. मला वाटलं होतं डॉक्टरचं हसणं लागलं असेल. ते नव्हतंच. मी रात्रभर, नको, जाऊ दे. वाचलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गोदामात गेले आणि म्हटलं, मी तुमच्याशी भांडायला हवं होतं, कंटाळले आणि पळवाट काढली. त्यांनी पाना खाली ठेवला नाही, पण ऐकलं. मग म्हणाले, भांडायला तू कधीपासून कंटाळायला लागलीस? इतक्या दिवसांतलं ते पहिलं वाक्य.

आता नवीन खूळ. दोन खुर्च्यांचं यंत्र करायचंय. पुढे ते, मागे मी. मला कोणी विचारलं नाही. आणि पेटी कुठली, तर ह्या वेळी थेट चार-एकची! एकदा सावकाश फिरणाऱ्याची गोडी लागली, की माणसाला थांबायचं कुठे कळत नाही. मी तोंडावर सांगितलं, चार कशाला, अक्कल आहे का. त्यांनी सांगितलं, आहे. तीन दिवस हेच चाललंय, शिंपी दार लावून घेतो. तू मध्ये पडू नकोस, आणि कुणाचंच गुपचूप ऐकू नकोस. आमचं ठरलं की दोघांच्या सहीने कळवू.

हे काल कागद घेऊन बसले, पेटी आणि पात्यांचा कोन ठरवायला म्हणे दोघांचं वजन लागतं. मला विचारलं. थोडं कमी सांगायचं अगदी ओठावर आलं होतं रे. मी गेले आणि पोत्यांच्या काट्याचा हूक धरून लोंबकळले, त्यांना बघायला बोलावून.

मुलांना आशीर्वाद. जशी आहे तशी गोड मानून घे.
तुझी ताई