बाहेर जाण्यापुरती जाळी

४ जून, मंगळवार
सकाळच्या बसने पोहोचलो. सामान म्हणजे एक बॅग आणि हत्यारांची पेटी. मळ्याचा राखणदार फाट्यावर घ्यायला आला होता. पेटी उचलून पाहत म्हणाला, मास्तर, घरं वटवाघळांना बांधायचीत की आम्हाला? मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून लिहून ठेवतो.

घर छान आहे. खाली दोन खोल्या, वर माळा, चारी बाजूंना फळझाडं. काम मेव्हण्याने जमवलं. भावोजी, घरात बसून राहू नका, ताईला ते आवडलं नसतं, असं तो म्हणाला. तिला जाऊन चार महिने झाले.

मालकीणबाई शहरात असतात. फोनवर त्यांनी काम समजावलं. माळ्यावर वटवाघळं आहेत. ती झाडांवरचे किडे खातात, तेव्हा मळ्यात हवीत, पण डोक्यावर नकोत. आधी त्यांच्यासाठी बाहेर सहा लाकडी पेट्या उभ्या करायच्या, मग माळा बुजवायचा.

७ जून, शुक्रवार
दोन पेट्या झाल्या. बाहेरून चपट्या दिसतात. आत तीन फळ्या उभ्या, दोन फळ्यांमध्ये बोटभर फट. वटवाघळांना ऐसपैस जागा नको असते, अंगाला अंग लावून राहतात. फळ्यांना रंधा मारायचा नाही. उलट करवतीने आडव्या खाचा पाडायच्या, नखं रोवायला. तीस वर्षं शाळेत मुलांना लाकूड गुळगुळीत करायला शिकवलं, आता हे. आत ऊब राहावी म्हणून सांधे पुट्टीने भरतो आणि अंगठ्याने दाबून घेतो. तळ उघडाच ठेवायचा असतो.

झोप चांगली लागते आहे.

११ जून, मंगळवार
सहाही पेट्या खांबांवर चढल्या. राखणदार खांब धरून उभा होता. भाडेकरू येईपर्यंत मीच राहू का वरती, विचारत होता.

संध्याकाळी दोघे अंगणात बसलो आणि वळचणीच्या भोकातून बाहेर पडणारी वटवाघळं मोजली. एकशे त्रेचाळीस. बुजवायचं काम महिनाअखेरपर्यंत थांबवा, असं तो म्हणाला. या दिवसांत माळा लेकुरवाळा असतो, पिलांना उडता येत नाही. मी दुपारी बॅटरी घेऊन वर जाऊन आलो होतो. मला एकही पिलू दिसलं नव्हतं. तसं त्याला सांगितलं. तुम्ही शिकलेले, तुम्हाला जास्त कळणार, असं म्हणून तो उठला.

बाईंचाही फोन आला. रविवारी पाहुणे यायचेत, त्याआधी माळा रिकामा हवा.

१३ जून, गुरुवार
सोळा फटी बुजवल्या. वळचणीच्या भोकावर जाळी सोडली, वरून घट्ट, खालून सैल. आतलं वटवाघूळ सरपटत बाहेर पडतं, परत येणाऱ्याला मात्र वाट सापडत नाही. संध्याकाळी मोजली. एकशे त्रेचाळीस बाहेर. राखणदार आज आला नाही. निरोप ठेवून लेकीकडे गेला आहे, आठवड्याने येईल.

१४ जून, शुक्रवार
सकाळी जाळी काढून शेवटचं भोक भरलं. काम संपलं.

दुपारी जेवताना वर आवाज झाला. ओली काच बोटाने पुसावी तसा, बारीक. नंतर तसे अनेक. झडप उघडून वर गेलो. तुळईच्या मागच्या अंगाला, जिथे मी बॅटरी मारली नव्हती, तिथे पिलं लटकली होती. केस नसलेली, अंगठ्याएवढी. आया त्यांना मागे ठेवून बाहेर पडल्या होत्या.

लगेच पटाशी घेऊन भोक मोकळं केलं. आज रात्री त्या येतील.

१५ जून, शनिवार
भोक भरलेलं आहे. पुट्टी ओली. तिच्यावर अंगठ्याचा ठसा. त्यावर माझा अंगठा ठेवून पाहिला, बरोबर बसला. मी भरलेलं नाही. पुट्टीचा डबा कालच संपला होता.

पुन्हा फोडलं. शिडीवरून उतरून वर पाहिलं तर पुन्हा भरलेलं.

बाईंचा फोन. पाहुण्यांचं रद्द झालं, काही घाई नव्हती म्हणाल्या.

अंधार पडताना आया आल्या. पेट्यांकडे एकही गेली नाही. सगळ्या भिंतीवर बसल्या आणि चालू लागल्या, कोपऱ्या-कोपऱ्याने, फट शोधत.

१६ जून, रविवार
दोन्ही खोल्यांच्या खिडक्या भरल्या आहेत. चौकटीभोवती सगळीकडून, आतल्या बाजूने. काच फोडून उपयोग नाही, बाहेर गज आहेत. दाराच्या चारी कडा भरल्या आहेत. पटाशीने खरवडत वरून खाली आलो. खालपर्यंत पोहोचलो तोवर वरचं भरलं होतं. दुपारपर्यंत तेच केलं.

मेव्हण्याला फोन लावला. भावोजी, दार लाकडाचं आहे, तुम्ही सुतार आहात, असं म्हणाला, पण हसला नाही. जेवलात का, विचारलं. उद्या सुटी मिळत नाही, परवा निघतो. नंतर फोन बंद पडला. चार्जर लावायच्या भोकांतही पुट्टी आहे.

१७ जून, सोमवार
दारावर कुऱ्हाड चालवली. फळीत खाच पडते, बुजते. पहिल्यापेक्षा जाड.

खिडक्यांच्या काचांवर वटवाघळं चिकटून बसली आहेत, एकावर एक. दिवसा कंदील लावावा लागतो.

ती गेली त्या दिवशी दवाखान्यात नर्स म्हणाली होती, झोपल्या आहेत, तुम्ही चहा घेऊन या. मी गेलो. परत आलो तर दार लावलेलं. आत घेतलं नाही. चाळीस मिनिटं त्या दारावर हात ठेवून उभा होतो. हे मेव्हण्याला सांगितलेलं नाही. कोणालाच नाही.

तेव्हा या आया भिंतीवर का बसल्या आहेत, मला —

१८ जून, मंगळवार
वरचे आवाज कमी झालेत. सकाळी मोजत होतो. आता मोजत नाही.

दाराबाहेर मेव्हण्याची हाक आली. भावोजी, भावोजी. मी ओरडलो. त्याला ऐकू गेलं नाही. बराच वेळ दार सापडत नसल्यासारखा भिंत चाचपत फिरला. इथेच तर होतं, असं कोणाला तरी म्हणत होता. मग गाडीचा —

१९ जून
हवा जड आहे. दिवा बारीक केला.

वर गेलो होतो. सात उरलीत. हाताला ऊब लागली की गप्प होतात. शर्टात घालून खाली आणली. सगळी अंगाला धरून आहेत, नखं रोवून. दुखतं, पण —

बाहेर सगळं शांत आहे. भिंतीवरच्या आता चालत नाहीत. ऐकताहेत.

पावडरचं दूध कोमट पाण्यात कालवलं. मनगटावर थेंब टाकून पाहिला. अजून गरम आहे. जरा निवलं की