बिनघोड्याची पिस्तुलं आणि डेल्बर्टची खोड

शनिवार, ९ मार्च

हाकललं! चक्क हाकललं मला!

अर्ध्या गावाच्या तळघरातल्या घर तापवायच्या भट्ट्या ज्याने हयातभर दुरुस्त केल्या त्या व्हर्नन टॅडलॉकला नेमबाजीच्या रेंजवरची बाई म्हणते, "एकट्याला पिस्तूल भाड्यानं देत नाही आम्ही. कुणाला तरी बरोबर घेऊन या." ऱ्होंडा नाव तिचं, छातीवर बिल्ला होता. मी म्हटलं, "बाई, विकत घ्यायच्या आधी चालवून बघायचंय. बूटसुद्धा माणूस पायात घालून बघतो." गोड हसली. "बघा ना. दोघं मिळून बघा."

का? तर नियम!

कुणाला नेऊ? बायको, लॉरेन, नोव्हेंबरात वारली. ती होती तोवर घरात बंदूक येऊच दिली नाही तिने. मुलगा ओरेगॉनला, त्याचा फोन ईस्टरला आणि ख्रिसमसला.

सोमवार, ११ मार्च

चर्चमधल्या हॉवर्डला विचारलं — गुडघ्याचं ऑपरेशन. मर्लला विचारलं — फ्लोरिडात, एप्रिलशिवाय परतायचा नाही. संपले माझे मित्र.

बुधवार, १३ मार्च

शेजारच्या डेल्बर्ट प्रूइटशी मी कित्येक वर्षं बोलत नाही. त्याच्या मेपलची पानं माझ्या पन्हळीत पडतात आणि तो म्हणतो झाडाला समजावून सांग. आज पुन्हा पन्हळ तुंबली. भांडायला म्हणून तरातरा गेलो आणि तोंडातून भलतंच निघालं — "शनिवारी पिस्तुलं बघायला येतोस का? मला एकट्याला देत नाहीत."

बघतच राहिला माझ्याकडे. मला वाटलं, आता दार आपटणार.

"एकट्याला देत नाहीत?"

"नाही."

"येतो. कॉफी तुझ्याकडून."

फुकटची कॉफी म्हटल्यावर दगडालाही पाय फुटतील! पण माणूस मिळाला.

शनिवार, १६ मार्च

झकास दिवस! सगळं नीट लिहून ठेवतो.

मला हवं ते पूर्ण आकाराचं, बाहेर घोडा नसलेलं. घोडा आतही दडलेला नसतो, स्प्रिंगवर ताणलेली एक दट्ट्यासारखी पिन असते. खिशातली छोटी पिस्तुलं दिसायला गोंडस, पण हातात उसळतात. मोठ्याचं वजनच धक्का पिऊन टाकतं. ऱ्होंडाने तीन काढून ठेवली. त्यांची नावं मीच ठेवली.

ठोकळा: काळा, चौकोनी, रूप शून्य. चाप जरा भुसभुशीत, पण दर वेळी तसाच भुसभुशीत. आपल्याला सवय होते. वाळूवाला: रंग वाळूचा, मूठ अशी की हात मिळवल्यासारखं वाटतं. मागची पट्टी बदलून हाताप्रमाणे जाड-बारीक करता येते. चाप काच तुटल्यासारखा कटकन सुटतो. पण वरची सरकती स्लाइड मागे ओढताना माझी बोटं रडली. तिसरा लांबनाक्या: नेम उत्तम, पण तोंड आपोआप वर बघतं. घमेंडखोर!

डेल्बर्ट डावखुरा. माझ्या उजव्या बाजूला वाळूवाला धरून तो माझ्या नेमात खोट काढत होता, तेवढ्यात माझ्या लांबनाक्याची तापलेली पुंगळी उडाली ती थेट त्याच्या कॉलरमध्ये! असा नाचला, असा नाचला! तरी पिस्तूल मात्र समोरच रोखलेलं आणि बोट चापाबाहेर. सैन्यात शिकलेलं विसरला नाही पठ्ठ्या. कानांवरच्या झाकणांमधूनही ऱ्होंडाचं हसू ऐकू आलं.

मी म्हटलं, ठोकळाच घेतो, बांधून द्या.

डेल्बर्ट म्हणाला, "छे! नेम धरायचे त्याचे ठिपके बघ की. सगळे पांढरे. तुझ्या डोळ्यांत शेवाळ साचलंय, तुला पुढचा कुठला, मागचा कुठला कळणार तरी का? आणखी बघू."

बरं. आणखी बघू.

रविवार, १७ मार्च

खांदा ठणकतोय. कुंपणापलीकडून डेल्बर्ट ओरडला, "माझाही!" मी काही विचारलंही नव्हतं.

शनिवार, २३ मार्च

आज ऱ्होंडाने पुढे हिरवा ठिपका बसवलेला ठोकळा आणून दिला. झक्क दिसतो! माझी सगळी छिद्रं एका बशीत मावतील एवढी जवळजवळ. कागद घडी करून घरी आणला, फ्रिजवर लावला. लॉरेनच्या चुंबकाखाली. ती असती तर तिने कागद फेकून दिला असता.

"घेतो," मी म्हटलं.

"मूठ जाड आहे," डेल्बर्ट म्हणाला.

"मला बरोबर बसते."

"आज बसते. हिवाळ्यात बोटं आखडतात. तेव्हा?"

ऱ्होंडा म्हणाली, "मी दोनदा लग्न केलं, पण दोन्ही वेळा मिळून एवढा विचार केला नव्हता."

नंतर नाक्यावरच्या हॉटेलात पावासारखी मऊ बिस्किटं आणि त्यांवर गरम ग्रेव्ही. डेल्बर्ट माझ्या ताटातलंही खातो. त्याची बायको सोडून गेली त्याचं कारण हेच असावं, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "नाही, तिला तुझी पन्हळ आवडत नव्हती." हसून हसून कॉफी नाकात गेली.

शनिवार, ३० मार्च

आज मी ऱ्होंडाला म्हटलं, आता ओळख झाली, पुढच्या वेळी एकटा आलो तर चालेल ना? तिने डेल्बर्टकडे बघितलं.

परतताना गाडीत तो म्हणाला, "तो नियम कशासाठी असतो, ठाऊक आहे ना तुला?"

"विमा-बिमा असेल."

"कुणीतरी एकटाच येतो. पिस्तूल भाड्यानं घेतो. आणि ते परत करायला जिवंत काउंटरवर येतच नाही."

मी खिडकीबाहेर बघितलं. शेतं अजून उघडीच आहेत, नांगरट नाही. म्हटलं, "मी काय तसला माणूस दिसतो?"

"मी कुठं तसं म्हटलं," असं म्हणून त्याने गाडी पाय-पेस्ट्रीच्या दुकानाकडे वळवली. चेरी-पाय खाल्ला. चांगला होता.

शनिवार, ६ एप्रिल

खरं सांगायचं तर आता मलाच घाई नाही. घेतलं की संपलं! मग शनिवारी काय करायचं? घरात बसून घड्याळ ऐकायचं? हे कुणाला सांगणार, म्हणून लिहितोय.

पण तोंडाने म्हटलं, "ठोकळाच. ठरलं."

डेल्बर्टने तो उलटापालटा केला, उजेडात धरला, वास घेतला. "रंग बरोबर नाही."

"रंग? काळा आहे तो!"

"फार काळा आहे."

ऱ्होंडाने काउंटरवर कपाळ टेकवलं. मी म्हटलं, हो बाई, जरा जास्तच काळा आहे खरा.

गुरुवार, ११ एप्रिल

सकाळी छपरावर खडखड. डेल्बर्ट! शिडी लावून माझी पन्हळ साफ करतोय. "पानं माझी आहेत, न्यायला आलो," म्हणाला.

शनिवार, १३ एप्रिल

निघायच्या आधीच ऱ्होंडाचा फोन. कुणीतरी माणूस एकटाच आलाय, नको म्हटलं तरी जात नाही, भांडतही नाही, नुसता उभा आहे. "तुम्ही दोघं जरा लवकर याल?"

डेल्बर्टने लाल दिवाही बघितला नाही.

चाळिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट. क्लेटन नाव. मला विचारलं, "यातलं चांगलं कुठलं?" मी म्हटलं, "बाबा, ते ठरवायला आम्हांला महिना पुरला नाही. आधी खाऊन घेऊ." पेस्ट्रीच्या दुकानात नेलं, तर त्याने चेरी-पाय अर्धाच खाल्ला. उरलेला डेल्बर्टने. मग क्लेटन पहिल्यांदा हसला, आणि मग बराच वेळ बोलला. मी नुसता ऐकत होतो. त्याच्या बहिणीला फोन लावून दिला, ती येईपर्यंत तिघंही तिथेच बसलो. पुढच्या शनिवारी येतो म्हणालाय. पिस्तुलं नकोत, चेरी-पाय खायला.

रविवार, १४ एप्रिल

आज कुंपणापाशी डेल्बर्टला सांगून टाकलं. ९ मार्चला मी पिस्तुलं निवडायला गेलोच नव्हतो. कुठलंही एक चाललं असतं.

तो म्हणाला, "माहीत होतं. नाहीतर रंगात कसली खोट असते, गाढवा?"