आमच्या घरातली दुसरी म्हातारी

शुक्र. ३१ ऑक्टो. २०१४
नितीन (पुढे नुसतं नि. लिहीन, बोटं दुखतात) गॅलरीत फोनवर कुणाला तरी सांगत होता, "म्हातारीला आता मी सोडणार नाही. दात गेलेत, पण दात बसवता येतात. सांगाडा मजबूत आहे. फक्त खालून गळतं."
मी आत लसूण सोलत होते. हात तिथेच थांबला. गळतं म्हणे! शिंकताना कधीमधी होतं, ते मी मानसीला सांगितलं होतं. सुनेनं नवऱ्याला सांगावं, आणि त्यानं जगाला? दुपारी जेवले नाही. म्हणजे जेवले, पण भात परत घेतला नाही.

शनि. १ नोव्हें.
इरानं सोडवलं. "आजी, म्हातारी इज द कार! तू म्हातारी नाही. तू आजी." नातीला मराठी अडखळत येतं, पण हे अगदी बरोबर बोललीन. दोन्ही गालांचे पापे घेतले. पुसून टाकलेन.
तर इथे मस्कतमध्येच, वादी कबीर भागात, एका शेडमध्ये नि. आणि त्याचा ऑफिसातला ओमानी मित्र खल्फान, दोघांनी भंगारातून एक गाडी उचलून आणलीय. चाळीस वर्षांची. जपानी. टूरिंग कार म्हणतात. मी म्हटलं, टूर म्हणजे सहल ना, मग आम्हाला कुठे नेलंत? तर म्हणे, शर्यतीची आहे. बाजारात जायला असते तशीच घरगुती गाडी, पण आतलं सगळं काढून पळायला केलेली. खालून गळतं ते ऑइल.
हायसं वाटलं. मग चहा पिता पिता पुन्हा भडकले. घरात मी असताना आणखी एक म्हातारी हवी कशाला?

मंगळ. ४ नोव्हें.
शुक्रवारी-शनिवारी नि. तिच्याकडे. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर तिचेच फोटो. मी तीन महिन्यांसाठी आले, त्यातला निम्मा काळ मी त्याची पाठच बघतेय. पाठ बापासारखी झालीय, पण म्हणून किती बघायची.
तिला सगळं ओरिजिनल लागतं. स्टिअरिंग इंग्लंडहून आलं, ओरिजिनल. काट्याचं मीटर कुठल्या बेटावरून, ओरिजिनल. माझे दात डुप्लिकेट, डोळ्यातलं भिंग डुप्लिकेट. कोकम सरबतसुद्धा इथे बाटलीतलं देतात. राजापूरची बाई मी, बाटलीतलं कोकम पिते, आणि हिला स्क्रूसुद्धा त्या काळातला!
आज ऑफिसातून परस्पर शेडवर गेला, तर दाराचा रंग खरवडताना खालून जुना ४७ आकडा निघाला, शर्यतीतला. शेडमधून मानसीला फोन करून सांगितलंन. फोन स्पीकरवर होता. इरा झाली तेव्हा असा आवाज होता त्याचा. मानसी "हो का, छान" म्हणाली आणि कुकरचं झाकण दाणकन लावलंन.

बुध. ५ नोव्हें.
नि. जवळ येऊन बसला. पायाशी. मी ओळखलं, काहीतरी हवंय.
मागचा डावा दिवा फुटलेला आहे, त्याची लाल काच मिळत नाहीये. जगात मिळत नाही म्हणे. फक्त सहमला, समुद्राकडे, एका बागेत तसलीच गाडी पडलीय, कोंबड्या राहतात तिच्यात. मालकीण म्हातारी, म्हणजे खरी, माणूस. नवरा गेला तिचा. मुलं हो म्हणतात, ती नाही म्हणते. पुरुषांशी तर बोलतच नाही. "आई, तू चल ना. बायकांत बस, बोल. तुला जमतं."
मला जमतं! इतके दिवस माहीत नव्हतं त्याला. आत जाऊन लगेच नारळ फोडले, वड्या करायला. मानसी म्हणाली, "आई, तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं, अगं सहम बघून होईल.

शुक्र. ७ नोव्हें.
सहम. लिंबाच्या बागा, उजवीकडे समुद्र. गाडीत मी पुढे नि.च्या शेजारी! मानसी-इरा घरी. वाटेत त्यानं मला डाळिंबाचा रस पाजलान.
पुरुष बाहेरच्या बैठकीत, मी आत. तिला उम्म सालिम म्हणायचं, सालिमची आई. माझ्याच वयाची, हातावर मेंदी. हिंदी बोलते! डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला राहिली होती. वड्या आवडल्या. तिनं हलवा दिलान, आणि बिनदुधाची कॉफी, इवल्या कपात. मी संपवली की ती भरी. पुन्हा संपवली, पुन्हा भरी. पानात टाकू नये अशी आपली सवय. शेवटी तिची सून हसून म्हणाली, कप असा हलवायचा, म्हणजे खलास. छातीत धडधडायला लागलं होतं माझ्या.
मग मला मागे घेऊन गेली. गाडीत खरंच कोंबड्या. स्टिअरिंगवर एक बसलेली, चालवत असल्यासारखी.
"मेरा आदमी दो बीवी किया," म्हणाली. "एक मैं. एक ये."
असं हसलो दोघी की कोंबडी उतरून गेली. दर जुम्म्याला तो गाडी धूत बसायचा म्हणे, फडकं मऊ लागायचं, तर हिच्याच ओढण्या घ्यायचा. मी म्हटलं, मेरा बेटा भी. अगदी वैसाच.
घरात येऊन पेटी उघडलीन. लोबानाच्या वासात, कपड्यात गुंडाळलेली, लाल काच. पोरं दगड मारतील म्हणून तिनंच कधीची काढून ठेवली होती. पिकलेल्या कोकमासारखा रंग. हातात ठेवलीन. "मर्द लोग लेता, शुक्रिया बोलता, फिर गाडी में घुस जाता. तू रख. पहले बेटा तेरे पास बैठे, फिर देना."
बाहेर आले तर नि. उन्हात उभा. "दिली का गं?"
पिशवीत काच होती. वर वड्यांचा रिकामा डबा. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "विचार करून सांगते म्हणाली."

शनि. ८ नोव्हें.
आज नि. शेडवर गेला, पण जेवायला घरी आला. मला म्हणाला, आई तुझ्या हातची आमटी. आमटी मानसीनं केलेली. मी त्याला आणखी एक पळी वाढली.
काच माझ्या नारायणपेठेत, बॅगेच्या तळाशी.

शुक्र. १४ नोव्हें.
आख्खा शुक्रवार माझा! मत्रहला बंदरावर नेलंन, बोटी बघितल्या, बाकावर बसून संत्र सोलून दिलंन, पांढऱ्या शिरा काढून. एवढ्या शिरा तर मी त्याच्या लहानपणी काढल्या नव्हत्या. सुख म्हणतात ते हेच.
पण तोंडात एकच विषय. उम्म सालिमला काय आवडतं? पुढच्या वेळी मोदक न्यायचे का? तिला परत डोळ्यांचं काही दाखवायचं असेल तर मी बघतो. समोर एवढा समुद्र, आणि हा पलीकडे उभ्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे बघतोय.
शेजारी मी, आणि मांडीवर ती बसलीय असं वाटलं.

रवि. १६ नोव्हें.
मानसीला सापडली. माझ्या साड्या कपाटात लावून द्यायला आली, शाळेतून लवकर सुटली होती. शिक्षिकेची नजर, काय सुटणार. घडीतून काच निघाली. हातात धरून उजेडाकडे केलीन. तिचं तोंड लाल दिसत होतं काचेतून, का खरंच झालं होतं, कळेना.
मी म्हटलं, आता ही बोलणार.
"आई, ही तीच?"
"हो."
"त्याला माहीत नाही?"
"नाही."
खाली बसली. मग हसायला लागली. मग डोळे पुसलेन. "मागच्या माझ्या वाढदिवसाला आम्ही जेवायला निघालो, तर वाटेत याला कुठल्याशा गॅरेजचा फोन आला. मी केक खाल्ला तो टायरवर बसून." मला यातलं काही माहीत नव्हतं. फोनवर सगळं छान चाललंय म्हणायची.
काच परत गुंडाळलीन. "साडीत नको, बॅग आपटली तर फुटेल. माझ्या स्वेटरच्या कप्प्यात ठेवते."
मस्कतला स्वेटरचा कप्पा कोण उघडतोय! हुशार आहे पोरगी. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मी तिला पोरगी लिहिलं.

मंगळ. १८ नोव्हें.
ओमानचा नॅशनल डे. सगळीकडे झेंडे, गाड्यांना सुद्धा नटवलंय, टपावर फुगे. नि. आम्हा सगळ्यांना दिवे बघायला घेऊन गेला. स्वतःहून. मानसीसाठी गजरा कुठून तरी मिळवलान. ती मागे वळून माझ्याकडे बघून डोळा मिचकावते. सासूला! मीही मिचकावला, पण मला एक डोळा मिटता येत नाही, दोन्ही मिटले.

गुरु. २० नोव्हें.
दुबईहून एक खोकं आलं. नि.नं उघडलंन. नवी काच, डुप्लिकेट. टेबलावर ठेवून किती वेळ बघत बसला. भडक शेंदरी, बाजारातल्या प्लास्टिकच्या फुलासारखी.
"हीच लावतो," म्हणाला. "दिसायला तीच आहे. नाही का गं?"
मी खोक्यातले कागद गोळा करायला घेतले.
"बाबा असते तर म्हणाले असते, थांब. पण डिसेंबरात जुन्या गाड्यांचा मेळा आहे, आणि तुझं तिकीटही. तू जायच्या आत तुला पूर्ण झालेली दाखवायचीय."
मला दाखवायचीय! माझ्यासाठी घाई चाललीय हे त्यानं आधी नको सांगायला? ज्याला स्क्रूसुद्धा खोटा चालत नाही तो माझ्यापायी खोटी काच लावायला निघाला.
तो अंघोळीला गेला तशी उठले, मानसीच्या कपाटाकडे. ठरवलं, देऊन टाकायची. तो कसा ओरडेल, उचलून फिरवेल मला, गुडघा सांभाळ रे म्हणेन मी, सगळं डोळ्यासमोर आलं.
स्वेटरच्या कप्प्यात स्वेटर होते. काच नव्हती.
मानसीला विचारलं. भांडी लावत होती. "आहे आई. सुरक्षित आहे. मी देईन वेळ बघून."
मी देईन?

शुक्र. २१ नोव्हें., सकाळ
नि. पुढे शेडवर गेलाय, आज ती शेंदरी काच बसवणार. आणि कधी नव्हे ते मानसी म्हणते, मीही बघायला येते. त्या शेडवर आजवर एकदा नाही गेली! खल्फान न्यायला येतोय. निळा ड्रेस काढलान, लिपस्टिक, केस मोकळे. ऑइलच्या शेडमध्ये जायला लिपस्टिक! आणि रोजची छोटी पर्स सोडून ती मोठी, ट्रिपला नेते ती.
मी म्हटलं, मी पण येणार. म्हणाली, "तिथे बसायला जागा नाही, तुमचा गुडघा..." गुडघ्याचं मी बघते.
काच कुणाला मिळाली? कॉफी पिऊन पिऊन धडधड कुणाला झाली? उम्म सालिमनं माझ्या हातात ठेवली, तिच्या नाही. ती लपवायला बरोबर होती, मान्य आहे. हुशार आहे, तेही मान्य. पण त्याचा चेहरा फुलेल तो बघायचा मान कुणाचा? बायकोला आहे की आख्खा जन्म बघायला. माझं तिकीट डिसेंबरचं.
चपला घालून बसलेय. खाली हॉर्न वाजला, खल्फानच असणार, "यल्ला!" ओरडतोय. इरा बूट शोधतेय. मानसी आत अजून आरशासमोर. पर्स सोफ्यावर आहे, माझ्या शेजारी, चेन अर्धी उघडी, आतून काच गुंडाळलेलं कापड डोकावतंय.