शनिवारच्या चौथ्या प्रयत्नाचा दोष माझ्या नावे लावण्याबाबत

सोमवार, १७ नोव्हेंबर

प्रति,
मा. श्री. थॅडियस प्रुइट,
क्रीडा संचालक, टॅलरो कॉलेज,
ब्रॅशियर, अलाबामा.

विषय : अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक श्री. रॉयस मेबरी यांना पदावरून दूर न करता पराभवाचा दोष खाली सही करणारीच्या नावे नोंदवण्याबाबत.

संदर्भ : १) गुरुवारच्या रेडिओ कार्यक्रमात 'लॉर्ना, पाइक क्रीक' या बाईंनी फोनवरून विचारलेला प्रश्न. २) कोच मेबरी यांना ठेवायचे की काढायचे, यासाठी विश्वस्तांची बुधवारी दुपारी चारची तातडीची सभा.

महोदय,

"कोच, चौथा प्रयत्न, फक्त एक यार्ड उरलेला, तरी तुम्ही दर वेळी किक मारून चेंडू समोरच्यांना देऊन टाकता. तुम्हाला पगार खेळवायचा मिळतो की घाबरायचा?"

१. सविनय कळवते की वरील प्रश्न विचारणारी लॉर्ना पाइक क्रीकमध्ये किंवा इतरत्र कुठेही राहत नाही. ती मी आहे. मी कॉर्डेलिया मेबरी, इयत्ता अकरावी, कोच मेबरी यांची एकुलती एक मुलगी. (खेळ न पाहणाऱ्या विश्वस्तांसाठी : चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आलं नाही तर चेंडू आहे तिथेच समोरच्यांना मिळतो, म्हणून सावध प्रशिक्षक चौथ्या प्रयत्नाला किक मारून तो आधीच लांब धाडतात.)

२. लोकांनी फोन करून बाबांना प्रश्न विचारायचा तो कार्यक्रम नेहमीप्रमाणे बार्बेक्यूच्या हॉटेलात चालू होता आणि आम्ही तिघी मैत्रिणी मागच्या बाजूला गाडीत बसून ऐकत होतो. टॅन्सी म्हणाली, "दम असेल तर स्वतःच्या बापाला विचारून दाखव." ब्रीली म्हणाली, "ही कसली विचारते! मेबरी आहे ती. किक मारणार." सप्टेंबरपासून शाळेतल्या सकाळच्या सूचना मी माइकवर वाचते आणि तेव्हापासून मला माझा आवाज जरा जास्तच आवडू लागला आहे, हेही येथे नमूद करते. मी गाडीतूनच फोन लावला आणि चर्चच्या गायनातल्या बायकांसारखा हेल काढून विचारलं. हॉटेलातल्या लोकांनी टेबलं बडवली. आपण बाबांच्या शेजारी बसला होता आणि आपण हसलात, ते रेडिओवर ऐकू आलं. आपल्याला दोष देत नाही, कारण मीही ठसका लागेपर्यंत हसले. बाबा म्हणाले, "प्रश्न रास्त आहे, बाई." त्या हसण्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

३. शुक्रवारी तो प्रश्न न्हाव्याच्या दुकानात होता, शनिवारी विद्यार्थ्यांच्या फलकांवर. 'आम्ही लॉर्नाचे' असं छापलेल्या टोप्या आल्या. एक मी घेतली. घालायची हिंमत झाली नाही.

४. सामन्यात काय झालं ते आपण पाहिलंच आहे. आपला संघ तीन गुणांनी पुढे, दोन मिनिटं शिल्लक, चौथा प्रयत्न, एक यार्ड. बाबांनी किकसाठी मुलं उभी केली. पण या वेळी किक मारणाऱ्याने किक मारली नाही, चेंडू घेऊन डावीकडून पळाला. अकरा वर्षांत बाबांनी असं एकदाही केलं नव्हतं, म्हणून समोरचे फसायला हवे होते. ते फसले नाहीत. रेडिओ त्यांनीही ऐकला होता. चेंडू हलायच्या आधीच त्यांची पोरं एकमेकांना ओरडून सांगत होती, "लॉर्ना आली रे! लॉर्ना!" चौघांनी मिळून आपल्या मुलाला जागीच आडवा केला. चेंडू त्यांना मिळाला आणि सामनाही; पुढचं लिहिण्याची गरज नाही. रविवारी सकाळी आमच्या हिरवळीवर लोकांनी 'घर विकणे आहे' अशा अकरा पाट्या रोवलेल्या होत्या, म्हणजे आता गाव सोडा. आईने चर्चला जायच्या कपड्यांतच त्या उपटल्या.

५. जेवणाच्या टेबलावर मी कबुली द्यायला तोंड उघडलं, तर बाबाच म्हणाले, "सॉस इकडे दे, लॉर्ना." त्यांनी मला 'कोच' या पहिल्याच शब्दाला ओळखलं होतं. मग त्यांनी अभ्यासिकेतला खण उघडून दाखवला. आत कागदी रुमालांवर बाण काढून आखलेले एक्केचाळीस डाव होते. शनिवारचा डाव त्यांनी येत्या सामन्यासाठी, डेलाकोर्ट कॉलेजसाठी राखला होता. "हा डाव एकदाच चालतो, पोरी. हा माणूस किकच मारणार, अशी समोरच्याची खात्री पटायला अकरा वर्षं लागली. त्यातल्या अर्ध्या किक भीतीने मारल्या, खोटं कशाला बोलू? मी गेलो की माझे सहा सहायक प्रशिक्षकही जातात. सात घरांचं सामान ट्रकमध्ये चढतं. पण उरलेल्या अर्ध्या मुद्दाम मारल्या." मी विचारलं, मग आठवडा आधी का वापरला? ते खण लावत म्हणाले, "माझी लेक बघत होती ना."

६. महोदय, मी तिथूनच हा अर्ज लिहायला बसले. सबब विनंती की :

(अ) कॉलेजच्या नोंदवहीत शनिवारच्या पराभवापुढे प्रशिक्षकाऐवजी 'कु. मेबरी' असे लिहावे.

(आ) मला पुढील संपूर्ण हंगाम मैदानात प्रवेश देऊ नये. कुंपणाबाहेरच्या ओकच्या झाडावर चढण्यासही मनाई करावी, कारण तिथून सगळं दिसतं.

(इ) लॉर्ना, पाइक क्रीक, यांचे निधन झाल्याचे कॉलेजतर्फे जाहीर करावे, म्हणजे टोप्या विकणे बंद होईल. फुलांचा खर्च मी करीन.

(ई) वरीलपैकी काहीच शक्य नसल्यास, बाबांना निदान डेलाकोर्टचा सामना खेळवू द्यावा. चाळीस डाव अजून खणातच आहेत.

आपली ओशाळलेली,
कॉर्डेलिया मेबरी

सोबत : चाळीस डावांची यादी. फक्त नावं दिली आहेत. बाण दिलेले नाहीत, कारण आपण डेलाकोर्टच्या संचालकांसोबत गोल्फ खेळता.

ता. क. : अर्ज आई-बाबांना वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "पाठवू नकोस. या गावात एका मेबरीचं नाव खराब झालंय तेवढं पुरे." आई म्हणाली, "पाठवायचाच तर ते गोल्फचं वाक्य काढ." मी वाक्य काढलेलं नाही. मी उभी राहिले आणि दोघांना सांगितलं, "हा अर्ज मी पाठवणारच नाहीये. बुधवारी चार वाजता मी तो विश्वस्तांसमोर स्वतः वाचणार. माझ्याच आवाजात."