वहिनीने दिलेलं उत्तर

सोमवार, संध्याकाळ

माझ्या आरामखुर्चीवर आज परकीय आक्रमण झालं. पंख्याखाली तेवढी एकच खुर्ची, आणि तिच्यात मानसिक आरोग्याची पाहणी करणारी मुलगी बसली. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर, निर्वासित.

तिने वहिनीला प्रश्न विचारले आणि सवयीने उत्तरं मी दिली. "झोप? उत्तम. मन? अहो, डोंबिवलीत मन ठेवायला जागा कुठाय?"

"काका, तुम्ही जरा आत जाता का? त्यांना बोलू द्या."

आमच्याकडे आत म्हणजे पडद्यामागे. सगळं ऐकू येतं, फटीतून दिसतंही. वहिनी मेथी निवडत होती.

"जगू नये असं कधी वाटतं?"

"वाटतं की, रोजच. सगळ्यांनाच वाटत असेल ना गं?"

हसत म्हणाली! मेथीवरचा हातसुद्धा थांबला नाही. दादा गेल्यापासून ती आमच्याकडे राहते, माझ्या प्रत्येक विनोदाला हसते. म्हणजे तेव्हाही? रोज? आणि हात मेथी निवडतच होता...

मुलगी मला बाहेर बोलावून म्हणाली, "यांना एकटं ठेवू नका. उद्याच डॉक्टरांकडे न्या."

"भावोजी, उद्या तुमचं टेंभी नाक्याला भाषण आहे," वहिनी म्हणाली. "जा तुम्ही. मी आपलं गमतीत बोलले."

मला डेंग्यू झाला तेव्हा कळव्याच्या हॉस्पिटलात माझ्या उशाशी हीच बसून होती. त्याबद्दल मी आजवर तिच्याशी कृतज्ञतेचा एक शब्दही बोललो नाही.

संयोजकांना फोन करून भाषण रद्द केलं. त्यांनी कारण विचारलं. विनोद सुचला नाही.

"वहिनीला बरं नाहीये," म्हटलं. "मी तिच्यासोबत जाणार आहे."